जॉन ब्रेकिनरिज : महाकाव्य कोणाचे?

पराभूत पक्षातील माणसांविषयी लिहिताना साहित्याच्या अभ्यासकाला एक मोह हमखास पडतो. थोर कुळ, वक्तृत्व, चुकीची निवड आणि अधःपात एवढी सामग्री हाती आली, की आपण त्या माणसाला शोकात्म नायकाचे आसन देऊन मोकळे होतो. अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेचा सेनापती जॉन कॅबेल ब्रेकिनरिज याचे चरित्र हा मोह बळावणारे आहे. म्हणूनच ते सावधपणे वाचावे, असे आम्हांला वाटते.

ब्रेकिनरिज केंटकीचा, जन्म १८२१ सालचा. आजोबा जेफरसनच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल होते. हा स्वतः वकील, उत्तम वक्ता. १८५७ साली छत्तिसाव्या वर्षी अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. इतक्या लहान वयात ते पद आजवर कोणालाही मिळालेले नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मुभा असावी की नसावी, या प्रश्नावर १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष फुटला, तेव्हा दक्षिणेच्या गटाने त्याला अध्यक्षपदासाठी उभे केले. त्याला ११ राज्ये आणि ७२ निर्वाचक मते मिळाली. स्वतःचे केंटकी मात्र हातचे गेले. फेब्रुवारी १८६१ मध्ये निर्वाचक मतांची मोजणी झाली, तेव्हा पीठासीन अधिकारी म्हणून लिंकनच्या विजयाची घोषणा त्यानेच केली. घटनेने सोपवलेले काम त्या दिवशी त्याने चोख बजावले, हे मान्य केलेच पाहिजे.

पुढे तो सेनेटर झाला. सप्टेंबर १८६१ मध्ये केंटकीची तटस्थता संपली आणि अटकेची चाहूल लागताच त्याने दक्षिणेची वाट धरली. डिसेंबरात सेनेटने त्याला देशद्रोही ठरवून काढून टाकले. शायलोच्या लढाईत त्याने राखीव सैन्याचे नेतृत्व केले. २ जानेवारी १८६३ रोजी स्टोन्स नदीकाठी सेनापती ब्रॅगच्या आज्ञेवरून, स्वतःचा विरोध नोंदवून, त्याने हल्ला चढवला आणि तासाभरातच सुमारे १,७०० माणसे गमावली. जुलै १८६४ मध्ये जनरल अर्लीच्या फौजेबरोबर तो वॉशिंग्टनच्या वेशीवर पोहोचला. फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावर लढाई पाहण्यासाठी खुद्द लिंकन आला होता. चार वर्षांपूर्वीचे दोन प्रतिस्पर्धी उमेदवार आता तोफांच्या दोन बाजूंना होते.

१८६५ च्या फेब्रुवारीत तो दक्षिणेचा युद्धमंत्री झाला. पराभव अटळ दिसताच गनिमी युद्ध न लांबवता रीतसर शरणागती पत्करावी, असा आग्रह त्याने धरला. या लढ्याला भव्य महाकाव्य म्हणून त्याचा शेवट प्रहसनात होऊ देऊ नका, अशी विनवणी त्याने सहकाऱ्यांना केल्याचे सांगितले जाते.

आमचा प्रश्न याच रूपकापाशी सुरू होतो. महाकाव्य खरे, पण कोणाचे? १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. या महाकाव्यात त्यांना ओळीभरही जागा नाही. ऑक्टोबर १८६४ मध्ये ब्रेकिनरिजच्याच अधिकारक्षेत्रात, व्हर्जिनियातील सॉल्टव्हिल येथे, उत्तरेच्या जखमी कृष्णवर्णीय सैनिकांची हत्या झाली. ते कळल्यावर त्याला संताप आला, असे म्हणतात. तो संताप आम्ही खोटा मानत नाही. पण ज्या राज्यासाठी तो लढत होता, त्याच्या पायातच त्या सैनिकांना पूर्ण माणूस न मानण्याचे तत्त्व होते. वैयक्तिक सभ्यतेने पक्षाचे पाप धुतले जात नाही. फार तर ते दिसायला सुसह्य होते.

युद्धानंतर तो होडीतून क्यूबाला निसटला. १८६८ च्या नाताळातील माफीनंतर परतला, राजकारणापासून दूर राहिला आणि कू क्लक्स क्लॅनच्या हिंसेचा त्याने जाहीर निषेध केला. १८७५ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या आधी दोनच वर्षे, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्यांना अर्पण केला होता. त्या युद्धाचा नायक कोण, याचे उत्तर पुण्यातून इतके स्पष्ट दिसत होते.

१८८७ साली लेक्सिंग्टनमध्ये ब्रेकिनरिजचा पुतळा उभारला गेला, तो चीपसाइड येथे. एके काळी तेथे गुलामांचे लिलाव होत. २०१८ मध्ये तो पुतळा शहराच्या दफनभूमीत हलवण्यात आला. पुतळा तोच राहिला, पण त्याच्या पायाखालची जमीन बदलली. चरित्र वाचतानाही पायाखालच्या जमिनीची चौकशी आधी करावी.