खटल्यातला खेळाडू संघात घ्यावा का?

पोरगा गुणी आहे, पण त्याच्यावर गंभीर खटला चालू आहे, घ्यायचा का? फुटबॉल क्लबांपुढे हा प्रश्न सारखा येतो. आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटचं आहे.

16 मे 2013. स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू पकडले गेले. त्यात मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण, वय 27. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने त्याच्यावर आणि श्रीशांतवर आजीव बंदी घातली. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. बंदी मात्र तशीच! 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने श्रीशांतच्या शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. पुढे दोघांचीही बंदी सात वर्षांवर आली. श्रीशांत 2021 मध्ये केरळकडून परत खेळला. अंकितची उमेदीची वर्षं मात्र गेली ती गेलीच.

कोर्ट बघतं, पुरावा कलमात बसतो का. संघाला बघायचं असतं, याच्या हातात चेंडू द्यायचा भरवसा आहे का. म्हणून मला वाटतं, खटला चालू असताना करार नको. पण चौकशीला मुदत हवी, शिक्षेलाही. वाशीमच्या गल्लीतल्या टीमलाही हेच लागू. नाहीतर निर्दोष पोराचं वय वाट बघण्यातच सरतं.