अर्ध्या तासाचा रकाना

श्रोतेहो, एका कारखान्यात साडेतीन तासांचे जादा काम गणकयंत्राने तीनच तास धरले. आम्ही चौकशी केली. लबाडी कोणी केली नव्हती. त्या रकान्याचा प्रकारच ‘पूर्णांक’ ठरविलेला होता. अर्ध्याला तेथे जागाच नव्हती.

असे प्रकार प्रथम ठरविले कोणी, हे शोधताना आम्ही इतिहासात शिरलो. १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान भाषा सिद्ध केली. तीत आय ते एन या अक्षरांनी आरंभ होणारी नावे पूर्णांकांची, बाकीची दशांशांची. सात व दोन हे दोन्ही पूर्णांक असले, तर भागाकार तीन! १९६० च्या अल्गोलने प्रत्येक नावाचा प्रकार आधी जाहीर करण्याचा दंडक घातला. पुढे नॉर्वेत डाल आणि नीगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये ‘वर्ग’ आणला. माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकाच साच्यात आल्या.

‘वर्ग’ हा शब्द आम्हां कामगारांना निराळ्या अर्थाने परिचित. पण नीगार्डना तोही अर्थ ठाऊक होता! १९७० नंतर ते नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगार संघटनेबरोबर काम करू लागले. १९७५ साली तेथील कामगारांच्या व मालकांच्या मध्यवर्ती संघटनांत करार झाला. नव्या गणकपद्धतीची माहिती मिळविण्याचा व तीबाबत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कामगारांना मिळाला.

आम्हीही तेच मागितले. रकाना बदलला, अर्धा तास परत मिळाला. तेव्हा मित्रहो, रकाने आखले जातात तेव्हाच तेथे हजर राहा. पगाराच्या दिवशी उशीर झालेला असतो.