जाळ्यातलं बदक: पाळीव की रानटी?

एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ या. माणसाच्या परसात बदक कधी आलं?

जगभर परसात दिसणारी बहुतेक बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत. अडचण अशी की जुन्या काळच्या पाळीव बदकाचं हाड आणि मॅलार्डचं हाड शेजारी ठेवलं तर फरक ओळखणं फार कठीण जातं. उत्खननात जुन्या उकिरड्यात सापडलेलं हाड एवढंच सांगतं, की कुणीतरी बदक खाल्लं. ते परसातून धरून आणलं होतं की पाणथळीवरून मारून आणलं होतं, हे त्यावरून कळत नाही. म्हणून मग लिखित साधनांकडे वळावं लागतं. तुमच्यापैकी जे विज्ञानातून संशोधनाकडे येताय त्यांच्यासाठी हे उदाहरण मुद्दाम निवडलंय, कारण आपल्याला मोजमापाची सवय असते, पण मजकूर तपासण्याची फारशी नसते.

पाळीव प्राण्यांमध्ये आणि वनस्पतींमध्ये बदल कसे होत गेले, यावर चार्ल्स डार्विनचा १८६८ सालचा दोन खंडांचा ग्रंथ आहे. त्यात बदकावर लिहिताना तो रोमन लेखकांचा आधार घेतो. वॅरो आणि कोलुमेला हे दोघं शेतीवर लिहिणारे. बदकांची जागा जाळीनं झाकावी, असं दोघांचंही सांगणं आहे. डार्विन म्हणतो, याचा अर्थ त्या काळी बदकं उडून जायची भीती होती. शिवाय ज्यांना बदकांची संख्या वाढवायची आहे त्यांना कोलुमेला रानबदकांची अंडी गोळा करून कोंबडीखाली ठेवायला सांगतो. यावरून ब्रेंट नावाच्या एका पक्षिपालकानं काढलेला निष्कर्ष डार्विन मान्य करतो: रोमन अंगणात बदक तेव्हा अजून रुळलेलं नव्हतं.

वाचताना हे अगदी पटतं. दोन पुरावे आणि एक सरळ निष्कर्ष. आता मूळ मजकूर काढा.

वॅरोनं इ.स.पू. ३७ मध्ये लिहिलं, कोलुमेलानं इ.स. पहिल्या शतकात. बदकांच्या जागेला दोघंही ग्रीकवरून आलेला एकच शब्द वापरतात, नेसोट्रोफियन. भिंत गिलावा करून गुळगुळीत ठेवावी, म्हणजे मांजरासारखं जनावर चढून आत येणार नाही, असं वॅरो सांगतो. आणि वरून मोठ्या छिद्रांची जाळी टाकावी. कशासाठी? गरुडाला आत झेपावता येऊ नये आणि बदकाला बाहेर उडता येऊ नये म्हणून. कोलुमेला पंधरा फूट उंच भिंत सांगतो, मधोमध दोन फूट खोल तळं सांगतो, आणि जाळीची हीच दोन कारणं देतो. फक्त गरुडाच्या जोडीला ससाणाही आणतो. एवढंच नाही, तर आतल्या पक्ष्यांसाठी तो ‘घरचे पक्षी’ अशा अर्थाचा शब्द वापरतो.

म्हणजे जाळीची कारणं दोन होती आणि डार्विनच्या युक्तिवादात त्यातलं एकच आलं. ज्याच्या घरी कोंबड्या-बदकं आहेत त्याला विचारा, खुराड्यावर जाळी का टाकलीस? तो घारीचं नाव घेईल, मुंगसाचं घेईल. त्याची बदकं पाळीव नाहीत असं यावरून कुणी म्हणणार नाही. तरी डार्विनचं कारण खोटं ठरत नाही, बरं का. बदक उडू शकत होतं, हे दोन्ही रोमन लेखक स्वतःच सांगतात. फक्त पुराव्याचं वजन कमी झालं.

अंड्यांचा मुद्दा याहून रंगतदार आहे. कोलुमेला ही युक्ती देतो ती नेसोट्रोफियन *सुरू* करताना. सुरुवात करायची ही फार जुनी रीत आहे, असं तो म्हणतो. अशी कोंबडीखाली उबवलेली पिल्लं रानटी स्वभाव सोडतात आणि पुढे बंदिस्त जागेत बिनधास्त वीण करतात. मोठे पक्षी धरून आणले तर ते अंडी घालायला कुचराई करतात. आता बघा, सुरुवात कशी करावी आणि संख्या कशी वाढवावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकदा सुरू झालं की पुढची अंडी आतल्याच पक्ष्यांची. डार्विनच्या सारांशात हा फरक पुसला गेलाय.

आणि कोंबडीखाली अंडी ठेवणं हे बदकाच्या रानटीपणाचं लक्षण मुळीच नाही. आजही खेडोपाडी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात, कारण भरपूर अंड्यांसाठी तयार केलेल्या बदकांच्या जाती स्वतः नीट उबवत नाहीत. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाचं साधारण २८. म्हणजे कोंबडीला आठवडाभर जास्त बसवायचं, मधेच ती उठू नये म्हणून नजर ठेवायची. ब्रेंटच्या मुद्द्यातला जोरकस भाग कोंबडी नव्हेच, तर पाणथळीवरून आणलेली अंडी हा आहे. तो टिकतो. रानातून अंडी आणणं हा नेहमीचा मार्ग होता, तर घरोघरी बदकाची अंडी सहज मिळत नसावीत, एवढं म्हणता येतं.

पण ‘घरोघरी’ म्हणजे कुणाच्या घरी? कोलुमेला सुरुवातीलाच सांगतो की हा खर्चिक कारभार आहे. दगडी घरटी, तळं, पाण्याची व्यवस्था, शिवाय बाजरीसारखी धान्यं आणि जव. हा जमीनदाराचा मळा आहे. आत नुसती बदकं नाहीत, चक्रांग बदकासारखे जे पक्षी पुढे कधीच पाळीव झाले नाहीत तेही आहेत. एखाद्या कुळाच्या झोपडीमागे डबक्यात चार बदकं असली, तर त्यांच्यावर कोण पुस्तक लिहिणार?

नुसतं पाळणं म्हणजे माणसाळवणं नव्हे, हे इजिप्तमध्ये आणखी स्पष्ट दिसतं. सक्कारा इथल्या टी या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रांत, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, नोकर हंसांबरोबर क्रौंच पक्ष्यांनाही घास भरवून पुष्ट करताहेत. क्रौंच आजतागायत पाळीव झालेला नाही. आणि अपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतिसंग्रहात शीर्षक काय आहे? ‘क्रौंच किंवा बदक’. आधी मीठ आणि शेपू घालून अर्धवट उकडायचं, मग तेल आणि माशांच्या खारवलेल्या रसात, पुदिन्याच्या कुळातल्या ओरेगानोची आणि कोथिंबिरीची जुडी टाकून शिजवायचं, शेवटी आटवलेल्या द्राक्षरसानं रंग आणायचा. सोबतच्या रस्सावजा सॉसमध्ये मिरी असते, म्हणजे आपल्या मलबारचा माल. आणखी एक कृती सलगमाबरोबरची आहे. स्वयंपाक्याच्या लेखी बदक कोंबडीच्या नव्हे, क्रौंचाच्या पंगतीत बसलंय. माझ्या मते ब्रेंटच्या बाजूनं हा पुरावा जाळीपेक्षा भारी आहे, आणि तो शेतीच्या पुस्तकात नाही.

‘मग हाडं मोजा ना,’ असं तुमच्यातला विज्ञानवाला म्हणेल. डार्विननं तेही केलं होतं. एकूण सांगाड्याच्या तुलनेत पाळीव बदकाच्या पंखाची हाडं हलकी आणि पायाची जड भरतात, हे १८५९ च्या पुस्तकातच आहे. (उडणं कमी आणि चालणं जास्त झाल्यामुळे, हे त्यानं दिलेलं कारण आज जसंच्या तसं कुणी स्वीकारत नाही.) पण या गुणोत्तराला अख्खा सांगाडा लागतो. उकिरड्यात मिळतं काय, तर पंखाचं एखादं हाड, तेही चावलेलं.

हाच प्रश्न आपल्याकडे आणून बघा. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळाला बदकाचं मोईल करतात. कृती कितीही बारकाईनं लिहून घेतली, तरी बदक वाडीतलं की बाजारातलं, हे त्यात येणार नाही. ते हवं असेल तर स्वयंपाक करणाऱ्या बाईला वेगळे प्रश्न विचारावे लागतील: पिल्लं कुठून आणली, अंडी कुणाखाली ठेवली, सणापर्यंत किती महिने राखली, काय खायला घातलं, आणि कापायच्या आदल्या दिवशी ती धरली कुणी.