आधी कागद, मग गाडी

माणसाच्या आयुष्यात दोन प्रसंगी त्याच्याकडून न वाचता भराभर सह्या घेतल्या जातात. एक ऑपरेशनच्या आधी आणि दुसरा नवी मोटार घेताना. ऑपरेशनच्या वेळी निदान भूल सह्या झाल्यावर देतात. मोटारीच्या वेळी ती आधीच चढलेली असते.

म्हणूनच आमच्या रावेरचा माणूस गाडी घ्यायला जळगावला एकटा जात नाही. बायको रंग पसंत करायला, पोरगा गाणी कशी वाजतात ते ऐकायला, म्हातारे आबा दार लावल्यावर कसा आवाज होतो ते तपासायला, आणि मी कागद वाचायला. गाडीतलं मला काही कळत नाही. पण छापील मजकूर शेवटपर्यंत वाचायची खोड मला लहानपणापासून आहे. भेळेचा कागदसुद्धा मी भेळ संपल्यावर वाचून काढतो. या खोडीपायी मी आजवर अनेकांच्या गाड्यांच्या खरेदीत मधल्या खुर्चीवर बसलो, आणि मोटारीआधी येणाऱ्या कागदांचा इतिहास मला मोटारीपेक्षा जास्त मनोरंजक वाटू लागला.

या इतिहासाचे दोन कालखंड पडतात. पहिल्यात कागद होते, गाडी नव्हती. दुसऱ्यात गाडी आहे, तरीही कागद आहेतच.

मोटारींवर देशभर लागू होणारा पहिला कायदा 1914 सालचा, दुसरा 1939 चा आणि हल्लीचा 1988 चा. पण खरी गोम कायद्यात नव्हती, टंचाईत होती. स्वातंत्र्यापूर्वी परदेशी कंपन्या सुटे भाग आणून इथे गाड्या जुळवत. जनरल मोटर्सचा तसा कारखाना 1928 पासून मुंबईत होता. 1953 साली सरकारनं ठरवलं की गाडी इथे खरोखर बनवणार असाल तरच राहा. परदेशी पाहुण्यांनी गाशा गुंडाळला. मागे उरल्या मुख्यतः तीन गाड्या : अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. तीन गाड्या आणि एवढा मोठा देश! मग 1959 साली गाड्यांच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम निघाला, पाठोपाठ स्कूटरींवरही नियंत्रण आलं.

आता गंमत पाहा. गाडी नोंदवायची तर अनामत पोस्टाच्या बचत खात्यात ठेवायची आणि ते पासबुक तारण लिहून द्यायचं. मग नंबर लागायची वाट पाहायची. सरकारी कोटा निराळा. परकीय चलन असेल तर स्कूटर लवकर. म्हणजे पुण्यात बनलेली स्कूटर आकुर्डीपासून रावेरपर्यंत लवकर यायची, तर तिचे पैसे आखातातून यायला हवेत! बरं, गाडी मिळाली तरी ठरावीक मुदतीत ती विकायला मनाई. कारण सरळ होतं. नवी गाडी दारात उभी राहिली की तिची किंमत कारखान्यातल्या किमतीपेक्षा वाढलेली असे. वरच्या या पैशांना ‘ऑन’ म्हणत. त्याची पावती कधीच नसे. पण रोखठोक व्यवहार तेवढा एकच.

1972 साली बजाजची चेतक आली, तेव्हा तर दहा-दहा वर्षं थांबणारी माणसं होती. आमच्या काकांनी स्कूटर नोंदवली तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. नंबर लागल्याचं कार्ड आलं तेव्हा फक्त हेल्मेटची जागा मोकळी झालेली होती. मधल्या काळात गावात कुणीही भेटलं की, “काय भो, नंबर लागला का?” एवढंच विचारी. काकांची प्रकृती विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी जन्माला आली की लगेच स्कूटर नोंदवावी, लग्नापर्यंत मिळेल, असं लोक हसत म्हणत. आणि हसून झालं की काही जण खरंच नोंदवत. हुंड्याला बंदी घालणारा कायदा 1961 चाच. तो हुंड्यावर होता, नंबराच्या कार्डावर नव्हता.

मग मारुती आली. 1983 साली नोंदणी उघडली, अनामत 10,000 रुपये. लाखावर लोकांनी ती भरली. म्हणजे एकही गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी 100 कोटींच्या वर रक्कम जमा! 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किल्ली द्यायला पंतप्रधान लागावेत, यातच त्या काळातल्या किल्लीचं मोल आलं. पुढे 1993 साली मोटार-उद्योग परवान्यातून मोकळा झाला आणि पहिला कालखंड संपला.

तुम्ही म्हणाल, चला, कागद सुटले. छे! कागद पोस्टातून उठले आणि शोरूममधल्या काचेच्या टेबलावर येऊन बसले.

आता किंमत विचारली की दोन सांगतात. एक शोरूमची आणि एक रस्त्यावरची. या दोहोंच्या मध्ये एक लांब यादी असते, आणि शेतकऱ्याचा केळीचा पैसा मुरतो तो याच यादीत. काट्यावर किलोकिलोसाठी हुज्जत घालणारा, पान पाहून घडाचं वजन सांगणारा आमचा माणूस या यादीपुढे पाहुण्याच्या घरी जेवायला बसल्यासारखा संकोचतो. वाढतील ते खातो.

यादी तशी अवघड नाही. काही ओळी कायद्याच्या असतात. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला एकरकमी कर 11 टक्के; म्हणजे 7 लाखांच्या गाडीला 77,000. हा भरलाच पाहिजे. बऱ्हाणपूर आम्हाला जळगावपेक्षा जवळ, म्हणून तिथून गाडी आणू म्हणणारे पुष्कळ भेटतात. बऱ्हाणपूरहून मावा जिलेबी खुशाल आणावी. गाडी मात्र राहता तिथल्या राज्यात नोंदवावी लागते आणि कर एम. एच. 19 लाच भरावा लागतो.

विमाही कायद्याचा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदम 3 वर्षांचा. पण तो याच टेबलावर घेतला पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. फास्टॅग डिसेंबर 2017 पासून सक्तीचा. न निघणारी नंबरप्लेट 1 एप्रिल 2019 पासून कारखानदारानंच पुरवायची.

आणि आता ‘नोंदणी व इतर खर्च’ ही ओळ. मोटारीच्या नोंदणीची सरकारी फी 600 रुपये. कार्डाचे 200. कर्ज असेल तर बोजा चढवायचे 1500. बेरीज 2300. यादीत आकडा याच्या कितीतरी पट असला, तर उरलेला सगळा ‘इतर’! नवी तयार गाडी पासिंगसाठी आरटीओच्या दारात नेऊन दाखवण्याची अटही 2021 च्या नियमांनी काढली. पण गाडी नेण्या-आणण्याचा खर्च काही याद्यांतून गेला नाही. सवय आहे ती, कायद्याच्या वेगानं कशी जाईल?

सगळ्यात गोड ओळ म्हणजे ‘हँडलिंग चार्जेस’. मोटार कायद्यात अशी कुठलीही फी नाही. एकदा एका टेबलावर मी विचारलं, “साहेब, हँडलिंग म्हणजे नक्की कुणी काय हाताळलं?” तो मुलगा बिचारा नवीन होता. तो म्हणाला, “काका, सगळेच देतात.” आबा इतका वेळ दार उघडझाप करत होते. तिथूनच म्हणाले, “आमचे केळीचे घड आम्ही खांद्यावर वाहून देतो. व्यापाऱ्यानं कधी हँडलिंग नाही दिलं आम्हाला.” साहेबांना आतून बोलावणं गेलं. पाच मिनिटांनी ती ओळ पेनानं खोडली गेली. आबांना वाटलं सूट मिळाली. मी त्यांना सांगितलं, “आबा, ही सूट नव्हे. आपलेच पैसे आपल्या खिशात राहिले.”

फरक एवढाच. जुन्या काळी माणूस कागदापुढे लाचार होता, कारण कागदामागे गाडीच नव्हती. आज गाड्या रांगेनं उभ्या आहेत, लाचार व्हायचं काहीच कारण नाही. पण दहा वर्षं वाट पाहून हात जोडायची लागलेली सवय आपल्या अंगात मुरली आहे. गाडी मिळते हेच उपकार! म्हणून माझा सल्ला एकच. यादीच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावं : हे पैसे कुणाला जातात, आणि याची वेगळी पावती मिळेल का? सरकारची पावती असेल तर निमूट भरावे. विमा कंपनीची असेल तर बाहेर एकदा भाव विचारून यावं. पावतीच नसेल, तर जुन्या ‘ऑन’नं नवा सदरा घातला आहे असं समजावं.

एवढं केलं की सही करायला हरकत नाही. मग नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. या सगळ्या व्यवहारात पुरता बाजारभावानं मिळालेला माल तेवढाच असतो.