हरवलेले हसू

आमचे लिंबागणेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली कलावंताने १९२२ साली लोटस फिल्म कंपनी काढली. विलायतेहून परतलेल्या साहेबी बाबूंची टिंगल करणाऱ्या 'बिलात फेरत' (१९२१) या मूकपटाने ते आधीच गाजले होते. हैदराबादेत त्यांनी 'लेडी टीचर', 'मॅरेज टॉनिक' असे मूकपट काढले. १९२४ साली त्यांनी तेथे 'रझिया बेगम' हा मुंबईचा मूकपट दाखविला. मुसलमान राणीची ती प्रेमकथा निजामाला खपली नाही. गांगुलींना राज्य सोडावे लागले.

आज 'लेडी टीचर' उपलब्ध नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले फारच थोडे शिल्लक आहेत. त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारी होती, शिवाय तिच्यातली चांदी काढून विकली जाई. पुण्यात चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ साली. तोवर बहुतेक सारे संपले होते.

घराण्यात पहिल्यांदा पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्या नावापाशी थांबावेसे वाटते. शिकविणाऱ्या बाईकडे पाहून प्रेक्षक हसले, की तिला हसणाऱ्यांना हसले? विनोद कोणाच्या बाजूने उभा आहे, हे नुसत्या नावावरून कळत नाही. त्यासाठी मूळ कृतीच हाती असावी लागते.

आता आपल्याकडे वळू. तमाशातला सोंगाडी राजाला आणि पाटलाला भर फडात उघडे पाडीत असे. ती कला महार-मांगांनी जगविली. आंबेडकरी जलशांनी तेच हसू भटशाही आणि सावकारी यांच्यावर रोखले. त्या विनोदाची फिल्म कोणी काढली नाही. पण भीमराव कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिले, म्हणून त्या जलशांविषयी आज आपण काही बोलू शकतो. भांडवल, स्टुडिओ, थिएटर असलेल्यांचे हसू गेले; एका जलसाकाराच्या लेखणीने आपले थोडे तरी वाचविले.

थोडेच. बाकीचे अजून म्हाताऱ्या सोंगाड्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडात आहे. दरसाल त्यांतले काही मातीआड जातात. मित्रहो, सुट्टीत गावी गेलात की वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसा. उद्या आपल्या हाती नुसती नावे उरली, तर दोष निजामाला देता येणार नाही.