गुणायचे की भागायचे? : विनिमय दराचे गणित शिकवताना

विनिमय दराच्या उदाहरणात मुले चुकतात ती आकडेमोडीत नव्हे, क्रिया निवडण्यात. ४५,००० रुपयांचे डॉलर किती, असे विचारले की वर्गातून प्रश्न येतो, ‘सर, गुणायचे की भागायचे?’ त्यावर तयार उत्तर दिले जाते : परदेशी चलनाचे रुपये करताना गुणा, उलट करताना भागा. डॉलर आणि पौंडाचे दर आपल्याकडे ज्या रीतीने सांगतात तेवढ्यापुरता हा नियम चालतो. रीत बदलली की तो कोलमडतो. ‘१ डॉलर = ९० रुपये’ असा दर दिला (या लेखातले १९६६ चे आणि दिरहमचे दर खरे, बाकीचे सोयीसाठी धरलेले) तर रुपयांचे डॉलर करताना भागाकार येतो; तोच दर ‘१ रुपया = ०.०१११ डॉलर’ असा दिला तर गुणाकार. येनचा दर तर भारतात एका येनचा नव्हे, १०० येनचा सांगतात. तिथे नियम पाठ केलेला विद्यार्थी हमखास फसतो.

दर ही नुसती संख्या नाही. ते दोन भिन्न राशींचे गुणोत्तर आहे. एककांची नावे गाळून फक्त ९० फळ्यावर उरले की ते कशाला लावायचे हे कळायला मार्ग राहत नाही. दशमान नाणी आल्यावर मुलांचा या गोष्टीचा रोजचा सरावही सुटला, असे मला वाटते. १ एप्रिल १९५७ पूर्वी सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा, असा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करावा लागे. आज रुपयाचे पैसे करायला दशांशचिन्ह दोन घरे सरकवले की भागते.

या अडचणीवरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे, तो म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) सुरू होते तीच नाण्यांच्या कोष्टकाने : वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे त्रैराशिकात तीन राशी येतात : प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या. त्या दोन टोकांना मांडायच्या आणि वेगळ्या जातीचे फल मधे. इच्छेला फलाने गुणून प्रमाणाने भागले की उत्तर फलाच्या जातीत येते. मोलाची गोष्ट ही, की आकड्याला हात लावण्याआधी विद्यार्थ्याला प्रत्येक राशीची जात ओळखावी लागते.

७,५०० येनचे रुपये काढायचे आहेत आणि १०० येनचा दर ५८ रुपये आहे. मांडणी अशी : १०० येन, ५८ रुपये, ७,५०० येन. उत्तर ७,५०० × ५८ ÷ १००, म्हणजे ४,३५० रुपये. उलट जाताना जाती बदलतात आणि राशी जागा बदलतात : ५८ रुपये, १०० येन, ४,३५० रुपये. उत्तर पुन्हा ७,५०० येन. दोन्ही वेळा क्रिया एकच, ‘गुणायचे की भागायचे’ हा प्रश्नच उरत नाही. पहिल्या उदाहरणात नियमावर विसंबलेला मुलगा ७,५०० ला थेट ५८ ने गुणून ४,३५,००० लिहितो आणि त्याला त्यात वावगे काही दिसत नाही.

ते दिसावे म्हणून मांडणीआधी अंदाज लिहून घ्यावा. या दराने येन रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून रुपयांची संख्या येनच्या संख्येपेक्षा कमी यायला हवी. साधारण निम्मी किंवा थोडी अधिक. एवढे एक वाक्य वहीत असले तर चार लाखांचे उत्तर लिहिताना हात थांबतो. याच टप्प्यावर एक गैरसमजही खोडून काढावा. येन रुपयापेक्षा स्वस्त म्हणून जपान गरीब ठरत नाही. एकक किती मोठे धरले, एवढाच तो भाग आहे.

दुसरा धोका पूर्णांकनाचा. पैशांच्या सवयीने मुले सगळे काही दोन दशांश स्थळांपर्यंत आणतात. उत्तराला ते ठीक, दराला नाही. १ रुपया = ०.०१ डॉलर धरून ४५,००० रुपयांचे ४५० डॉलर होतात. खरे उत्तर ५००. एका पुसलेल्या अंकाने दहा टक्के रक्कम गेली. पूर्णांकन शेवटी, एकदाच.

मधल्या चलनातून जाण्याची उदाहरणे त्रैराशिक पक्के झाल्यावर अवघड जात नाहीत. आखातात आपली कितीतरी माणसे आहेत, तेव्हा दिरहम जवळचा. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. डॉलर ९० रुपयांना असेल तर ९० ÷ ३.६७२५, म्हणजे एक दिरहम सुमारे २४.५१ रुपये.

चलन बदलून देणाऱ्याच्या फलकावर मात्र एक दर नसतो, दोन असतात, आणि पुस्तकातली उदाहरणे सहसा त्याकडे वळत नाहीत. समजा खरेदी ८८.५०, विक्री ९१.५०. हे शब्द दुकानदाराच्या बाजूचे आहेत : तो डॉलर विकतो तेव्हा आपण ते घेतो. ५०० डॉलर घ्यायला ४५,७५० रुपये लागतील. प्रवास रद्द झाला आणि तेच डॉलर परत केले तर हाती ४४,२५० येतील. दर तसूभर न हलता १,५०० रुपये गेले. हे उदाहरण वर्गात दोन मुलांना ग्राहक आणि दुकानदार करून सोडवून घ्यावे. कोणता दर कोणाच्या बाजूने वाचायचा, हे तेव्हाच नीट बसते.

सर्वांत सूक्ष्म मुद्दा शेकडेवारीचा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. अवमूल्यन ३६.५ टक्के, असे एकीकडे वाचायला मिळते, डॉलर ५७.५ टक्के महागला, असे दुसरीकडे. दोन्ही बरोबर आहेत. पूर्वी रुपयाला २१ सेंट मिळत, नंतर १३.३३, ही घट २१ वर मोजायची. वाढ मोजायची ती ४.७६ वर. पाया वेगळा, म्हणून टक्के वेगळे. नववीच्या मुलांनी हे दोन्ही आकडे आधी स्वतः काढावेत, मग डॉलर २५ टक्के महागला तर रुपया किती उतरला हे शोधावे (२० टक्के), आणि तेवढे झाल्यावर सामान्य रूपाकडे वळावे : डॉलर प टक्के महागला तर रुपयाची घट प ÷ (१०० + प) इतकी, आणि तिचे टक्के करायला १०० ने गुणायचे.