मुनग्याचे मूळ आणि भिलाईची बाडी

साहेबांनी आपल्या शेवग्याला दोन नावे दिली. शेंग पाहिली म्हणून ‘ड्रमस्टिक’, आणि मूळ चाखले म्हणून ‘हॉर्सरॅडिश ट्री’. पहिले नाव आजही हॉटेलांच्या मेनूकार्डावर आहे, दुसरे बहुतेकजण विसरले. भिलाईला पोस्टिंग झाल्यापासून मला मात्र हे दुसरे नाव सारखे आठवते, कारण इथे घराघरामागे शेवगा उभा आहे. छत्तीसगडी लोक त्याला मुनगा म्हणतात.

हॉर्सरॅडिश म्हणजे मोहरीच्या कुळातले एक पांढरे, लांबट मूळ. नुसते हातात धरले तर वास नाही, पण किसले की नाकात झिणझिण्या आणि डोळ्यांत पाणी. मेसमध्ये रोस्टच्या बाजूला चमचाभर पांढरी चटणी ठेवतात, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. या झाडाला थंडी लागते. मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात ते तग धरत नाही. मग इंग्रजांच्या खानसाम्यांनी शेवग्याचे मूळ उकरले, साल तासून किसले आणि व्हिनेगर घालून टेबलावर मांडले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात शेवग्याची नोंद याच नावाखाली आहे.

यात गंमत आहे, तसा एक हिशेबही आहे. आपण शेवग्याचा पाला खातो, फुले खातो, शेंगा खातो, आणि पुढच्या वर्षी झाड पुन्हा तेवढेच देते. मूळ खाल्ले की जेवण एकदाच होते आणि झाड जाते. परक्या मुलखात गेलेल्या माणसापुढे हे दोन रस्ते नेहमीच असतात.

फौजेला हा हिशेब फार महागात कळला आहे. पुण्याच्या रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन एके काळी ‘सोल्जर्स गार्डन’ म्हणून ओळखली जाई. छावणी आणि बाग यांचे नाते इतके जुने आहे. तरीही पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जे घडले ते घडलेच. कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. आत सहावी पूना डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या मराठा पलटणी. ताजी भाजी नाही, त्यामुळे हिंदी जवानांमध्ये स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. त्याच युद्धात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद नाही, पण त्यालाच मोड आणले की ती येते. ज्यांच्या घरी दर आठवड्याला मटकी भिजत पडते, त्यांच्या पोरांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली, कारण रसदीच्या यादीत मोड हा शब्द नव्हता! तेव्हापासून मी परसातल्या भाजीला हौस म्हणत नाही. ती रसद आहे.

आता भिलाई. ही देखील एक छावणीच, फक्त पोलादाची. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. चार वर्षांत! त्याआधी इथे धानाची शेते होती आणि प्रत्येक घराला लागून बाडी होती. बाडी म्हणजे कुंपण घातलेले परस. त्यात लाल भाजी, चेंच, वेलावर रखिया म्हणजे आपला कोहळा, आणि कोपऱ्यात मुनगा. रखियाच्या वड्या उन्हात वाळवून ठेवायच्या, अगदी आपल्या सांडग्यांसारख्या, आणि मुनग्याच्या शेंगांबरोबर शिजवायच्या.

आपल्याकडे शेवग्याची एक गोष्ट सांगतात. एका घरातले चार भाऊ शेवग्याच्या शेंगा विकून कसेबसे जगत असतात. एक पाहुणा येतो, घरची दशा बघतो आणि रात्री झाड तोडून निघून जातो. भावांना कामाला लागावे लागते आणि घर वर येते. लहानपणी मला तो पाहुणा फार शहाणा वाटे. भिलाईत ही गोष्ट खरोखरच घडली. कारखाना पाहुण्यासारखा आला, अनेक गावांची जमीन गेली आणि तिच्याबरोबर बाड्याही गेल्या. मोबदला मिळाला, रोजगार आला, शाळा आल्या, दवाखाना आला. घर वर आले हे खरे. पण सगळीच घरे सारखी वर आली नाहीत, आणि रोजच्या ताटातली फुकटची पालेभाजी त्या दिवसापासून विकत घ्यावी लागली, हेही खरेच. गोष्टीत हा हिशेब कोणी सांगत नाही.

रशियनही इथे पोस्टिंगवरच आले होते म्हणा ना. त्यांचे मुख्य अभियंता दिमशित्स पुढे सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. महायुद्धाच्या वर्षांत त्यांच्या देशातल्या कामगारांनी कारखान्यांच्या भोवती तुकड्यातुकड्यांत बटाटे, कोबी लावून पोट भरले होते. त्यांच्या जेवणात हॉर्सरॅडिशला ‘ख्रेन’ म्हणतात. ते थंड मांसाबरोबर किंवा बिटाच्या रसात कालवून खातात. म्हणजे साहेबाने ज्या चवीसाठी मुनगा उपटला, त्याच चवीची माणसे मुनग्याच्या मुलखात राहायला आली. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली इथे मैत्री बाग झाली.

मला मात्र खरी खूण टाऊनशिपच्या क्वार्टरांमागे दिसते. देशभरातून आलेल्या कामगारांनी तिथे पुन्हा बाड्या लावल्या. पगारही आहे आणि मुनगाही आहे. गोष्टीतल्या पाहुण्याला हे सुचले नव्हते.

आता कृतीबद्दल, कारण वाचकमंडळी विचारणारच. शेवग्याच्या मुळाच्या नादी लागू नका. त्याच्या सालीत विषारी द्रव्ये असतात आणि गरोदर बाईने तर त्याला अजिबात हात लावू नये. तीच झिणझिणी आपल्या स्वयंपाकघरात आहे. फेसलेल्या मोहरीतला आणि हॉर्सरॅडिशमधला तिखट पदार्थ रसायनाच्या दृष्टीने एकच. वाटीभर पांढरा मुळा किसून पिळून घ्या. दोन चमचे मोहरी थोडी भिजवून गार पाण्यात वाटा, फेसा आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. पेशी फुटल्या आणि पाणी लागले की तिखटपणा तयार होऊ लागतो, आणि आंबट घातले की तो तिथेच थांबतो. म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर शेवटी. मग मीठ, चिमूटभर साखर आणि मुळ्याचा कीस. गरम पाणी वापरलेत तर झणका मरतो. खाताना समोर पाण्याचा पेला असू द्या.

आणि शेवगा लावायचा तर बी शोधत बसू नका. मृगाच्या पावसात मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी जमिनीत रोवली की काम झाले. पाणी साचू देऊ नका. बियाणेच हवे असेल तर दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ चांगली. शेंगांचा बहर संपला की दरवर्षी छाटा, म्हणजे शेंगा हाताला येतात आणि ठिसूळ फांद्यांवर कोणाला चढावे लागत नाही.

दोन-तीन वर्षांत आमची बदली होते. भरपूर शेंगा बहुधा पुढच्या अधिकाऱ्याच्या आमटीत पडतात. मागच्याने लावलेल्या आपण खाल्लेल्या असतातच, तेव्हा हिशेब बरोबर बसतो. चार्ज देताना यादीत झाड लिहायला रकाना नसतो, एवढेच.